फ्रान्चेस्का कुत्सोनी: खिडकी, झिंज्या आणि बटणं बाजूला ठेवली तर काय उरतं?

सुरंगी

अठराव्या शतकातल्या ऑपेरावर काहीही वाचायला घ्या, फ्रान्चेस्का कुत्सोनी या गायिकेचं नाव आलं की तीन गोष्टी ठरलेल्या. तिने एक गाणं गायला नकार दिला तेव्हा संगीतकार हँडेलने तिला कमरेला धरून उचललं आणि खिडकीबाहेर फेकायची धमकी दिली. दुसरी गायिका फाउस्टीना बोर्दोनी हिच्याशी तिचं भर प्रयोगात झिंज्या उपटण्यापर्यंत भांडण झालं. आणि म्हातारपणी बोलोन्यात बटणं करून तिने दिवस काढले. एवढं सांगून झालं की लिहिणारा पुढे सरकतो.

मला याचा मनापासून राग येतो. जिच्यासाठी हँडेलने क्लिओपात्रा आणि रोदेलिन्दा या नायिका लिहिल्या, ती गात कशी होती हे कुणाला सांगावंसंच वाटत नाही.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. जन्म १६९६, पार्मा. वडील अँजेलो व्हायोलिन वाजवायचे. गाणं शिकली फ्रान्चेस्को लान्त्सींकडे, १७१४ मध्ये पार्मातच रंगमंचावर आली. १७१८ मध्ये व्हेनिसला फाउस्टीनाबरोबर एकाच ऑपेरात गायली, म्हणजे दोघींची ओळख लंडनच्या आधीची. लंडनच्या रॉयल अकॅडमीने (ही ऑपेरा कंपनी) तिला आणायला पिएत्रो ज्युसेप्पे सांदोनी या हार्पसिकॉर्डवादकाला पाठवलं आणि वाटेतच दोघांचं लग्न झालं. १२ जानेवारी १७२३ ला हेमार्केटच्या किंग्ज थिएटरमध्ये हँडेलच्या 'ऑटोने'त ती तेओफाने म्हणून उभी राहिली. एरवी अर्ध्या गिनीला (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) मिळणारी तिकिटं लोकांनी दोन-तीन गिनीला घेतली. पुढची पाच-सहा वर्षं लंडनमध्ये तिचंच नाव होतं.

आता प्रश्न. ध्वनिमुद्रण यायला अजून दीडशे वर्षं होती. अशा गायिकेची गायकी आज आपल्याला कळू शकते का? माझं मत: कळते, आणि बरीच कळते. त्या काळी कोण गाणार हे ठरल्यावरच संगीतकार आरिया (ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं) लिहायचे, गाणारीचा गळा बघून. म्हणून तिच्यासाठी लिहिलेल्या पानांत तिचा गळा सापडायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

भटकभवानी

मस्त विषय! खिडकीचा किस्सा ऐकला होता, पण त्यातली बाई कोण हे आज कळलं. वाचतेय.

मंद्रसप्तक

सुरंगीताई, तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, पण पहिलं उदाहरण नेमकं उलटं आहे. 'ऑटोने'चा पहिला खर्डा हँडेलने ऑगस्ट १७२२ मध्ये पुरा केला होता. तेव्हा कुत्सोनी लंडनला पोहोचलीही नव्हती. त्याने तिला ऐकल्यावर बरंच बदललं. आणि जिच्यावरून भांडण झालं ती आरिया, 'फाल्सा इमाजिने', ऐका म्हणजे तिचा राग कळेल. नव्या शहरात पहिलाच प्रयोग, थिएटर खचाखच, आणि पहिलं गाणं काय? संथ, साधं, ताना नाहीत. साथीला फक्त हार्पसिकॉर्ड आणि चेलो. व्हायोलिनं पार शेवटी येतात. गळ्याला लपायला जागाच नाही. कुठल्याही गायिकेला वाटेल की हा माणूस माझं नुकसान करतोय.

प्रसंग असा: तेओफाने लग्नासाठी रोमला आलीय. समोर उभा असलेला माणूस तिच्याजवळच्या तसबिरीशी जुळत नाही (तो ऑटोने नाहीच, आदेलबेर्तो त्याचं सोंग घेऊन उभा आहे). ती तसबिरीला म्हणते, खोटे, तू मला फसवलंस. या क्षणी चमकदार ताना टाकल्या असत्या तर प्रसंग बुडाला असता. हँडेलचं बरोबर होतं, आणि त्याच आरियेने लंडनने तिला डोक्यावर घेतलं.

टेम्सकाठचा

लंडनमध्ये राहतो म्हणून एक भर. ब्रूक स्ट्रीटवर हँडेलचं घर आहे, आता संग्रहालय. (शेजारच्या घरात अडीचशे वर्षांनी जिमी हेंड्रिक्स राहायला आला. दोन्ही मिळून बघता येतं, आलात तर चुकवू नका.) तिथे गेलो असताना बघायला आलेल्या एकाने दुसऱ्याला मोठ्या उत्साहाने 'हीच ती खिडकी' म्हणून दाखवली. पण हँडेल त्या घरात आला १७२३ च्या उन्हाळ्यात, आणि 'ऑटोने' उभा राहिला त्याच वर्षी जानेवारीत. तालमी डिसेंबर-जानेवारीतल्या. म्हणजे ती खिडकी दुसरीकडची.

धनश्री_क

खिडकी कुठली यापेक्षा मला दुसरंच बोचतं. एक धिप्पाड पुरुष एका बुटक्या बाईला उचलतो आणि फेकून देईन म्हणतो. तीनशे वर्षं लोक हे 'हँडेलचा मिश्कील स्वभाव' म्हणून सांगताहेत. कुणीच का म्हणत नाही की हे वागणं वाईट होतं?

हेमाडपंती

धनश्रीताई, +१. फक्त गोष्ट आली कुठून तेही बघू. हँडेल १७५९ मध्ये गेला. त्याचं पहिलं चरित्र मेनवेअरिंगने १७६० मध्ये छापलं आणि हा किस्सा पहिल्यांदा तिथे दिसतो. म्हणजे घटनेनंतर सदतीस वर्षांनी. त्यात हँडेल तिला फ्रेंचमध्ये म्हणतो, तू खरीखुरी सैतानीण आहेस हे मला ठाऊक आहे, पण मी बेल्झेबब, सैतानांचा राजा आहे हे तुला दाखवतो. वाक्य फारच घासूनपुसून आलंय. दोघे भांडले असतील, तो ओरडला असेल. पण उचलून खिडकीपाशी नेणं हा सांगणाऱ्यांनी चढवलेला रंग वाटतो.

मंद्रसप्तक

@हेमाडपंती, खोटं ठरवायची घाई नको. मेनवेअरिंगला माहिती मिळाली ती हँडेलचा सहायक धाकटा स्मिथ याच्याकडून, आणि तो वर्षानुवर्षं हँडेलच्या जवळ होता. हँडेल स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगत असेल, तर ती त्याच्या बाजूने ऐकू येणारच.

सुरंगी

तिची बाजू कुणी लिहून ठेवली नाही, माझं दुखणं हेच आहे. 'फाल्सा इमाजिने' नको म्हणायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते मंद्रसप्तकांनी चार ओळींत सांगितलं. गोष्टीत मात्र ते कारण कुठेच येत नाही. तिथे ती फक्त हट्टी.

निशिगंध

एक भाबडा प्रश्न. हँडेलच्या 'ज्युलिओ चेझारे'ची (ज्युलियस सीझरवरचा ऑपेरा) ध्वनिफीत लावली तर सीझरचा आवाज बाईसारखा. हे काय?

मंद्रसप्तक

सीझर लिहिला सेनेसिनोसाठी. तो कास्ट्राटो, म्हणजे लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही असा पुरुष. त्याचा पल्ला आल्टोचा, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाचा. आज ती भूमिका मेझो-सोप्रानो बाई गाते किंवा काउंटरटेनर पुरुष. तेव्हाच्या ऑपेरात नायक उंच आवाजाचाच हवा असे. रोममध्ये तर बायकांना रंगमंचाची बंदी होती, तिथे नायिकासुद्धा कास्ट्राटीच.

खमंग_भडंग

म्हणजे आपल्या बालगंधर्वांसारखंच की!

मंद्रसप्तक

@खमंग_भडंग, साम्य वरवरचं. बालगंधर्व पुरुषाच्या नैसर्गिक गळ्याने स्त्रीभूमिका गायचे. इथे मुलाचा गळा कायमचा बदलून टाकलेला. त्याची किंमत त्या मुलाने मोजलेली असायची. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

खमंग_भडंग

बरं. मग झिंज्यांवर या. भांडण झालं की नाही?

हेमाडपंती

झालं, पण प्रेक्षकांत.

तारीख ६ जून १७२७. हँडेलचा नव्हे, बोनोन्चिनीचा ऑपेरा, 'आस्तियानात्ते'. दोघी कामात होत्या. सुरुवातीला एका बाजूने टाळ्या, दुसऱ्या बाजूने फूत्कार. मग मांजरासारखे आवाज, मग त्याहून वाईट. प्रिन्सेस कॅरोलाइन थिएटरात बसलेली असतानाही कुणी आवरेना. वर्तमानपत्रांनी त्या आठवड्यात हे छापलं, आणि त्यात गोंधळ घालणारे दोघींचे पाठीराखे आहेत. दोघींनी एकमेकींना हात लावल्याचं त्यात नाही. मारामारी आली ती नंतर निघालेल्या पत्रकांतून आणि एका प्रहसनातून. त्या प्रहसनात तर हँडेल म्हणतो, भांडू द्या त्यांना. विनोदासाठी लिहिलेला मजकूर पुढच्यांनी बातमी म्हणून उचलला.

धनश्री_क

पण दोघींचं पटत नव्हतं हे तरी खरं ना?

हेमाडपंती

स्पर्धा होतीच. १७२६ मध्ये फाउस्टीना आली आणि अकॅडमीने मुद्दाम दोघींना समोरासमोर उभं केलं. ५ मे १७२६ च्या 'अलेस्सान्द्रो'त सिकंदर दोघींमध्ये अडकलेला. कुत्सोनी लिसाउरा, फाउस्टीना रोस्साने. दोघींच्या आरिया हँडेलने तोलून-मापून वाटल्या, कुणाला कमी नको. तिकिटं खपवायला हे फार सोयीचं. सरदारांच्या बायका त्यात पडल्या: लेडी पेम्ब्रोक कुत्सोनीकडून, लेडी बर्लिंग्टन फाउस्टीनाकडून.

आता हे बघा. त्या ६ जूनच्या गोंधळानंतर पाच दिवसांत पहिला जॉर्ज राजा वारला आणि हंगाम तिथेच संपला. पण पुढच्या हंगामात? नोव्हेंबर १७२७ मध्ये 'रिकार्दो प्रिमो', फेब्रुवारी १७२८ मध्ये 'सिरोए', एप्रिलअखेर 'तोलोमेओ'. तिन्हींत दोघी एकत्र. झिंज्या उपटलेल्या बायका वर्षभर रोज एकत्र तालमी करतात?

भटकभवानी

रोज एकत्र काम करणाऱ्यांना झिंज्या उपटाव्याशा वाटतात हो, आमच्या ऑफिसात या! पण तुमचा मुद्दा पटला.

टेम्सकाठचा

'तोलोमेओ'च्या आधीच, २९ जानेवारी १७२८ ला 'बेगर्स ऑपेरा' आला. त्यातलं पॉली आणि ल्यूसीचं भांडण याच दोघींवर बेतलेलं, हे तेव्हाच्या प्रेक्षकांना लगेच कळायचं. लिहिणारा जॉन गे पाच वर्षं आधी स्विफ्टला पत्रात वैतागून लिहित होता की आता शहरात प्रत्येक जण संगीताचा जाणकार झालाय आणि सेनेसिनो हा आजवरचा सर्वांत थोर माणूस असा रोज ठराव होतो. इंग्रजी गाण्यांचा हा खेळ धो-धो चालला, इटालियन ऑपेराची अकॅडमी त्याच वर्षी बसली.

खमंग_भडंग

मला वाटतं चाहत्यांमुळेच दोघींचं नाव टिकलं. भांडणारे चाहते नसते तर आज धागा कुणी काढला असता?

सुरंगी

हे मला मुळीच मान्य नाही. नाव टिकलं ते क्लिओपात्रामुळे. २० फेब्रुवारी १७२४ ला 'ज्युलिओ चेझारे' आला, पहिल्याच खेपेत तेरा प्रयोग झाले. तेव्हा फाउस्टीना लंडनमध्ये नव्हती, चाहत्यांच्या टोळ्या नव्हत्या. क्लिओपात्राला आठ आरिया आहेत आणि आठांत आठ मनःस्थिती. सुरुवातीला भावाची टर उडवणारी पोरगी, पुढे कैदेत बसलेली राणी.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला 'व्'आदोरो पुपिल्ले' येते. क्लिओपात्रा नाव बदलून, दासी म्हणून, सीझरला मोहात पाडायला बसलीय, भोवती नऊ कलादेवता. त्यांचा वाद्यमेळ रंगमंचावरच: हार्प, थिऑर्बो (लांब मानेचं तंतुवाद्य), व्हायोला दा गाम्बा (चेलोसारखं जुनं वाद्य). ती पहिला भाग गाते, मधला गाते, आता पहिला भाग परत येणार, आणि तेवढ्यात सीझर मध्येच बोलतो: स्वर्गात गडगडाट करणाऱ्या देवाकडेसुद्धा या गाण्याच्या तोडीचं संगीत नाही. मग ती पुन्हा गाते. हे वाक्य क्लिओपात्रासाठी आहेच, पण ते ऐकताना थिएटरातल्या प्रत्येकाला समोरची कुत्सोनी दिसत होती. खिडकीचा किस्सा सांगणाऱ्यांनी हा प्रसंगही सांगावा. हँडेलने तिचं केलेलं कौतुक त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे, सदतीस वर्षांनी कुणी सांगितलेलं नाही.

निशिगंध

वा! हे मी आत्ता ऐकलं. सीझर मध्ये बोलतो तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

अंजिरी_पैठणी

माझा प्रतिसाद कपड्यांवर. फेब्रुवारी १७२५ च्या 'रोदेलिन्दा'त ती तपकिरी रेशमी झग्यात आली, त्याला रुपेरी किनार. म्हाताऱ्या बायकांनी नाकं मुरडली, हे काय असभ्य. तरुण मुलींनी तोच झगा उचलला आणि लंडनभर जिकडे तिकडे तपकिरी-रुपेरी झालं. हे संगीताचा इतिहासकार चार्ल्स बर्नीने लिहून ठेवलंय. आणि याच बाईबद्दल लेखक होरेस वॉलपोलचं मत काय, तर ठेंगणी, स्थूल, चेहरा कणकेसारखा, कपडे घालायची अक्कल नाही, अभिनय येत नाही. अक्कल नव्हती तर तिचा झगा सगळ्या शहराने का शिवून घेतला?

धनश्री_क

@अंजिरी_पैठणी हे सगळ्यात आवडलं. गायिकेचं गाणं सोडून अंगकाठीची चर्चा करायची सवय जुनीच दिसते.

पानशेतकर

गरिबीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मी या विषयात नवखा, पण जे वाचलं त्यात एकच सूर: उधळी होती, पैसा टिकला नाही. आपल्याकडेही अशा कलाकारांच्या गोष्टी कमी नाहीत. पण एवढं कमावून बटणं करायची वेळ यावी?

हेमाडपंती

@पानशेतकर, खर्चीक होती, आणि मागणीही मोठी करायची. १७२८ मध्ये अकॅडमी बुडाल्यावर ती व्हिएन्नाला गेली, दरबारात गायली, लोकांना आवडली, पण २४,००० फ्लोरिन मागितले. दरबाराने नाही म्हटलं. बर्नी आणखी एक गोष्ट सांगतो: फाउस्टीनापेक्षा एक गिनीही कमी घेणार नाही अशी शपथ तिने लेडी पेम्ब्रोकसमोर घेतली होती, म्हणून संचालकांनी फाउस्टीनाला एक गिनी जास्त देऊ केली, आणि कुत्सोनीला शब्दाखातर जावं लागलं. ही गोष्ट मला पटत नाही, कारण त्या वर्षी संस्थाच संपली आणि दोघीही गेल्या.

पुढे १७३४ मध्ये लंडनला परत, पण हँडेलच्या विरोधातल्या ऑपेरा ऑफ द नोबिलिटीत. संगीतकार पोर्पोरा, सोबत सेनेसिनो आणि तेव्हाचा गाजलेला कास्ट्राटो फारिनेल्ली. फारिनेल्ली उभा असताना बाकी कुणाकडे लक्ष जाणार? मग १७४० मध्ये हॅम्बुर्ग, १७४५ पासून काही वर्षं श्टुटगार्टच्या दरबारात. १७४१ मध्ये तर लंडनच्या वर्तमानपत्राने छापलं की नवऱ्याला विष घातल्याबद्दल तिचा शिरच्छेद होणार आहे. सांदोनी त्यानंतर सात वर्षं जिवंत होता.

भटकभवानी

बाप रे. तेव्हाही बातमीची खात्री न करता फॉरवर्ड!

पानशेतकर

@हेमाडपंती आणि हॉलंडमधला तुरुंग?

हेमाडपंती

बर्नीच्या सांगण्यानुसार कर्जापायी तिथे कैदेत पडली. तिथल्या अधिकाऱ्याने तिला अधूनमधून संध्याकाळी थिएटरात गायला सोडलं आणि त्या पैशांतून तिने देणं फेडलं.

सुरंगी

'उधळी' म्हणून प्रकरण मिटवणं मला सोपं वाटतं. तिचं सगळं आयुष्य हंगामावर चालायचं. करार हंगामाचा, गळा बसला की करार नाही, निवृत्तिवेतनाचं नाव नको. इंग्लंडच्या कायद्यात तर लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची. अशा व्यवस्थेत पन्नाशीतली सोप्रानो काय करणार?

पानशेतकर

पण ताई, फाउस्टीनालाही तेच नियम होते. तिचं बरं चाललं.

सुरंगी

@पानशेतकर, तिने १७३० मध्ये योहान आडोल्फ हास्सेशी लग्न केलं. त्याची आणि तिची दोघांची नेमणूक ड्रेस्डेनच्या दरबारात. नवरा संगीताचा प्रमुख, तो तिच्यासाठीच ऑपेरा लिहिणार, पगार दरबाराचा. ती कुत्सोनीपेक्षा हिशेबी असेलही. पण वीस वर्षं एकाच दरबाराचा आधार असणं आणि दर दोन वर्षांनी नवं शहर गाठणं यातला फरक स्वभावाचा नाही. फाउस्टीना १७८१ मध्ये व्हेनिसला सुखात गेली, कुत्सोनी १७७८ मध्ये बोलोन्यात हलाखीत.

पानशेतकर

हे मान्य. तरी २४,००० फ्लोरिनचा हट्ट तिचाच. थोडं कमी घेतलं असतं तर व्हिएन्नाचा दरबार तिचा झाला असता. तिच्या वाट्याला आलेलं सगळं व्यवस्थेवर ढकलणंही तिच्यावर अन्याय आहे. तिला स्वतःची किंमत ठाऊक होती आणि तिने ती मागितली. निर्णय तिचा होता एवढं तरी तिला देऊ या.

धनश्री_क

@पानशेतकर, नवखे म्हणता पण या धाग्यातला हा माझ्या मते सगळ्यात नेमका प्रतिसाद.

टेम्सकाठचा

शेवटच्या लंडन फेरीबद्दल. १७५० मध्ये ती परत आली. त्या वर्षीच्या तिच्या जलशाला बर्नी स्वतः हजर होता. तो लिहितो की आवाज सुतासारखा बारीक उरला होता, पूर्वीचा गोडवा जवळपास गेला होता. त्याच संध्याकाळी जार्दिनी नावाच्या तरुण व्हायोलिनवादकाने लंडनकरांसमोर पहिल्यांदा वाजवलं आणि टाळ्या सगळ्या त्याला. त्याच उन्हाळ्यात तीस पौंडांच्या कर्जापायी तिला पकडलं. प्रिन्स ऑफ वेल्सने जामीन भरला. वॉलपोलने त्यावरही पत्रात कोटी केली.

पुढच्या वर्षी, मे १७५१ मध्ये, तिने वर्तमानपत्रात जाहीर निवेदन दिलं. या देशाने माझ्यावर आधीच खूप उपकार केलेत, नाइलाज नसता तर पुन्हा त्रास दिला नसता, थोडी देणी आहेत, इंग्लंड सोडण्यापूर्वी ती फेडायची आहेत, म्हणून हा शेवटचा जलसा. पंचावन्न वर्षांची बाई, आवाज गेलेला, आणि पळून न जाता लोकांसमोर उभी राहून देणं फेडायचं म्हणते. मला ही कुत्सोनी क्लिओपात्राइतकीच मोठी वाटते.

अंजिरी_पैठणी

हे निवेदन कुठल्याही चरित्रात पहिल्या पानावर यायला हवं.

मंद्रसप्तक

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो मागे पडला.

दोन कानसेनांचं ऐकू. क्वांट्स हा बासरीवादक १७२७ मध्ये लंडनला होता, दोघींना एकाच ऑपेरात ऐकलं. कुत्सोनीबद्दल तो म्हणतो: आवाज स्वच्छ, गोड, सूर चोख, ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याची ये-जा) सुंदर, दोन सप्तकांचा पल्ला. गाणं निरागस आणि हृदयाला हात घालणारं. द्रुत ताना फार सफाईच्या नव्हत्या, पण भरदार आणि गोड. अभिनय थोडा थंड. फाउस्टीनाचं उलट: मेझो आवाज, भेदक, ताना झरझर, शब्द स्पष्ट, अभिनय उत्तम. बर्नीने जाणकारांकडून ऐकून कुत्सोनीबद्दल लिहिलंय की स्वर हळूहळू फुगवणं, कमी करणं, लयीत किंचित मागेपुढे होणं हे तिचं खास, आणि संथ आरियेत तिची भर मोजकी पण नेमक्या जागी.

आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल. द कापो आरियेत पहिला भाग परत येतो तेव्हा गायिकेने तो स्वतःच्या उपजेने सजवायचा असतो. तानेवर भर देणाऱ्या गायिका असतात आणि स्वरलगावावर भर देणाऱ्या असतात. कुत्सोनी दुसऱ्या जातीची. आता हँडेलची पानं उघडा. तिच्या गाजलेल्या आरिया संथ: 'से पिएता', 'पिआंजेरो', 'रोदेलिन्दा'तली 'ओंब्रे, पिआंते'. लांब धरलेले स्वर, मधे श्वासाची जागा. 'से पिएता'त तर बासून (खालच्या आवाजाचं फुंकवाद्य) वेगळे करून तिच्या आवाजाखाली ठेवलेत. दोन साक्षीदार आणि हँडेलचं हस्ताक्षर, तिन्ही एकच सांगतात. म्हणून सुरंगीताईंचं मत बऱ्याच अंशी बरोबर.

हेमाडपंती

'बऱ्याच अंशी' म्हणजे कुठे अडतं?

मंद्रसप्तक

जिथे तिचं खरं काम सुरू व्हायचं तिथेच. परतून येणाऱ्या भागात तिने काय भर घातली हे पानावर नाही. 'ऑटोने'तल्याच तिच्या 'अफान्नी देल पेन्सिएर' या आरियेसाठी हँडेलने लिहिलेले अलंकार ऑक्सफर्डला जपलेले आहेत, पण ते खालच्या पट्टीतल्या वेगळ्या आवाजासाठी. त्यावरून हँडेलला काय चालायचं ते कळतं. कुत्सोनीने ठेवलेला स्वर कळत नाही. बंदिश मिळाली, बढत गेली.

सुरंगी

हे मी मानते, पण पूर्ण नाही. 'पिआंजेरो' घ्या. संथ शोक, मग मधेच द्रुत भाग: मी मेल्यावर भूत होऊन त्या दुष्ट भावाला छळीन. आणि परत तोच शोक. क्वांट्स म्हणतो अभिनय थंड. हँडेलने तो बदल हातवाऱ्यांवर सोडलाच नाही, सगळा गळ्यात घातला. पहिला भाग परत येतो तेव्हा स्वर तेच असले तरी गाणारी बाई आता वेगळी असते. हे गळ्याने दाखवू शकणारी गायिका समोर असल्याशिवाय तो असं लिहिणार नाही. तिची बढत नेमकी कशी होती हे गेलं, पण तिच्याकडे ती होती याचा पुरावा लिहिण्यातच आहे.

निशिगंध

नवख्यांनी कुठून ऐकायला सुरुवात करावी? मी 'व्'आदोरो पुपिल्ले' ऐकून झालं.

सुरंगी

@निशिगंध, आता 'फाल्सा इमाजिने' ऐका आणि व्हायोलिनं येईपर्यंत थांबा. मग 'पिआंजेरो', मधला भाग न चुकवता. त्यानंतर 'रोदेलिन्दा'च्या दुसऱ्या अंकाच्या शेवटचं युगुलगान, 'इओ त्'आब्ब्राच्चो'. नवरा-बायको एकमेकांचा निरोप घेताहेत, कुत्सोनी आणि सेनेसिनो. दोघांचे स्वर एकमेकांना घासत जातात आणि मग सुटतात, तिथे लक्ष द्या.

खमंग_भडंग

मी तिन्ही ऐकली. 'फाल्सा इमाजिने' गायला मीही नकार दिला असता, एवढं उघडं गाणं! पण युगुलगान दोनदा ऐकलं. आता फाउस्टीनावर धागा काढा, माझा पक्ष अजून ठरायचाय.

हेमाडपंती

@खमंग_भडंग, फाउस्टीनाचा धागा मी काढतो. 'आद्मेतो'पासून सुरुवात करू, जानेवारी १७२७. त्यात ती नवऱ्यासाठी मरणारी आल्चेस्ते आहे आणि कुत्सोनी त्या नवऱ्यावर आधीपासून प्रेम असलेली आंतिगोना. क्वांट्सने दोघींना ऐकलं ते यातच. धाग्यात येण्याआधी दोघींची एकेक आरिया ऐकून या.